अर्धशिशी: औषधाच्या काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

परळला आमचं औषधांचं दुकान आहे. केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालयं सगळी चालत जायच्या अंतरावर. "डोकं दुखतंय, काहीतरी द्या" हे वाक्य सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत कानावर पडत असतं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण अर्धशिशीशी माझी ओळख दोन्ही बाजूंनी आहे: गेली बावीस वर्षं काउंटरच्या आतून, आणि त्याच्याही आधीपासून, बारावीच्या परीक्षेपासून, स्वतःच्या डोक्यातून. मागे चार माणसं ताटकळत असताना अर्ध्या मिनिटात जे सांगून होत नाही, ते इथे सावकाश लिहिलंय.

अर्धशिशी आणि मायग्रेन एकच का?

एकच. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याला अर्धावभेदक म्हटलंय, आणि मायग्रेन ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचाही अर्थ अर्धी कवटी असाच. पण नावावर फार जाऊ नका. पुष्कळांचं पूर्ण डोकं दुखतं, कुणाचं आज डावं तर पुढच्या खेपेला उजवं. "माझं दोन्हीकडे दुखतं, म्हणजे हे मायग्रेन नव्हे" असं धरून चालत लोक वर्षानुवर्षं काढतात.

हा मेंदूचा आजार आहे आणि बराचसा घराण्यातून येतो. आईला असतो, मावशीला असतो, फक्त त्यांच्या वेळी त्याला कुणी नाव दिलेलं नसतं. असा मेंदू जात्याच हळवा असतो. उजेड, आवाज, भूक, जागरण हे सगळं तो इतरांपेक्षा लवकर मनावर घेतो. मग चेहऱ्याला आणि मेंदूच्या आवरणाला संवेदना पुरवणारी ट्रायजेमिनल नस चाळवते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि ठणका सुरू होतो. "कामं टाळायला करते" म्हणणाऱ्यांना हे सीजीआरपी प्रकरण जरूर ऐकवा.

आणि तुम्ही एकट्या नाही. कर्नाटकात निम्हान्स या बेंगळुरूच्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १८ ते ६५ वयाच्या माणसांपैकी साधारण दर चौथ्या माणसाला वर्षभरात कधी ना कधी मायग्रेन झालेला आढळला. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट दिसतो.

साधी डोकेदुखी आहे की अर्धशिशी, कसं ओळखायचं?

साध्या डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. माणूस कुरकुरत का होईना, कामं उरकतो. अर्धशिशीत ठणका असतो, नाडीच्या ठोक्यांसारखा, आणि हालचालीने तो वाढतो. परळ स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना पायरीगणिक डोक्यात घण बसत असतील तर संशय घ्यायला जागा आहे. सोबत मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. औषध न घेतल्यास हे ४ ते ७२ तास चालतं. असे निदान पाच झटके येऊन गेले असतील तर डॉक्टर नाव पक्कं करतात.

डॉक्टर वापरतात ती तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा तरी दिवस कामाचा वाया गेला का? दुखताना मळमळतं का? दुखताना उजेड नकोसा होतो का? तिनांपैकी दोन उत्तरं "हो" असतील तर अर्धशिशीची शक्यता चांगलीच. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

पुष्कळांना आदल्या दिवशीच चाहूल लागते. उगाच जांभया, मान आखडणं, चिडचिड, काहीतरी गोड हवंसं वाटणं. आणि ठणका थांबल्यावरचा दिवस असतो पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखा. हे सगळे दिवस त्याच एका झटक्याचे असतात.

"माझं पित्ताचं डोकं आहे हो. उलटी झाली की लगेच उतरतं."

हा प्रश्न नाही, हे मत आहे, आणि ते मी रोज ऐकते. माझी आजी हेच म्हणायची. बोटं घालून उलटी काढायची, आणि मग ओलं फडकं कपाळावर घेऊन पडायची.

आजीचं निरीक्षण बरोबर होतं, लावलेला अर्थ चुकला. उपाशी राहिलं की डोकं चढतं हे खरं. जागरण झालं, उन्हातून आलं की चढतं हेही खरं. उलटीनंतर बऱ्याच जणांना हलकं वाटतं, तेही खरं. पण सुरुवात पोटात होत नाही. झटका मेंदूत सुरू होतो आणि पोट त्याच्या मागोमाग बिघडतं: मळमळ येते, जठराचं काम मंदावतं, सकाळचा चहा दुपारीही तसाच डुचमळत असतो. उलटी पुष्कळदा झटका उतरणीला लागताना होते, म्हणून श्रेय तिला मिळतं.

हा फरक एवढ्यासाठी सांगते की पित्त समजून लोक रोज सकाळी अॅसिडिटीची गोळी घेतात, दहा-दहा वर्षं. डोकं थांबत नाही ते नाहीच. दुसरं म्हणजे, पोट मंदावलेलं असताना गिळलेली वेदनाशामक गोळी पुढे सरकतच नाही, आणि मग "मला कुठलीच गोळी लागू पडत नाही" अशी तक्रार येते. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा सोबत मळमळीची गोळी लिहितात. ती जास्तीची वाटून गाळू नका. उलट्याच होत असतील तर तोंडात विरघळणारी गोळी, नाकातला फवारा किंवा इंजेक्शन असे दुसरे मार्ग आहेत, डॉक्टरांना विचारा.

सायनस असेल का? की चष्म्याचा नंबर? मानेचा स्पॉन्डिलायटिस?

नंबर एकदा तपासून घ्या, त्यात बिघडत काही नाही. पण नंबरामुळे उलट्या होत नाहीत. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्याला पाणी येतं, भुवईवर दुखतं, म्हणून तिला सायनस समजायची चूक फार होते. खऱ्या सायनसमध्ये ताप किंवा दाट पिवळा-हिरवा शेंबूड असतो. मान आखडणं हा तर बऱ्याचदा झटक्याचाच पहिला भाग. मानेचे एक्स-रे काढून, पट्टा वापरून, शेवटी मायग्रेनच्या गोळीवर आलेले लोक आमच्याकडे कमी नाहीत.

डोळ्यांसमोर नागमोडी रेषा चमकतात. डोळ्यांचं काही आहे का?

बहुधा हा ऑरा. अर्धशिशी असलेल्यांपैकी साधारण चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याला तो येतो. मला पहिल्यांदा आला तेव्हा मी काउंटरवर चिठ्ठी वाचत होते. मधली दोन अक्षरं गायब. डॉक्टरांचं अक्षर म्हणून आधी दुर्लक्ष केलं. मग समोरच्या बाईंचं नाक दिसेना. पाठोपाठ डाव्या बाजूला चमचमती करवतीची कड उगवली, सरकत सरकत मोठी झाली आणि वीस मिनिटांनी नजरेबाहेर निघून गेली. त्यानंतर डोकं.

मेंदूच्या पृष्ठभागावरून एक मंद लाट सरकत जाते, मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने. ब्राझीलच्या लिआओ या शास्त्रज्ञाने ती १९४४ साली प्रथम नोंदवली. लाट नजरेच्या भागावरून जाते तेव्हा रेषा दिसतात. काहींना त्यानंतर बोटांपासून चढत जाणाऱ्या मुंग्या येतात, शब्द सापडत नाहीत. ऑरा हळूहळू वाढतो आणि ५ ते ६० मिनिटांत ओसरतो. पक्षाघात एकदम येतो. हा फरक घरबसल्या ठरवत बसू नका: पहिल्यांदाच असं झालं, किंवा तासाहून जास्त टिकलं, तर ताबडतोब रुग्णालय.

ऑरा येणाऱ्या बायकांसाठी एक महत्त्वाचं. इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्यांनी त्यांचा पक्षाघाताचा धोका वाढतो, सिगारेट ओढत असाल तर आणखीच. स्त्रीरोगतज्ज्ञांना "मला ऑरा येतो" हे आपणहून सांगा. त्या विचारतीलच असं नाही. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय मिळतात.

कोणत्या डोकेदुखीला वेळ दवडायचा नाही?

यातलं काहीही असेल तर माझ्या काउंटरवर येऊ नका. १०८ ला फोन करा किंवा टॅक्सी करून थेट कॅज्युअल्टीला जा.

एखाद्या मिनिटात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापाबरोबर मान ताठ, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय. तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं. फिट आली, शुद्ध हरपली. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विशेषच. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं नवं, जोराचं दुखणं. यात रक्तदाब त्याच दिवशी बघायला हवा.

त्याच दिवशी नाही, पण त्याच आठवड्यात दाखवावं असंही काही आहे: पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, खोकताना-वाकताना उसळणारं दुखणं, दर आठवड्याला चढत जाणारं दुखणं, कॅन्सरवर उपचार झालेल्या माणसाचं नवं दुखणं. आणि पन्नाशीपुढे कानशील दुखरं झालं, घास चावताना जबडा भरून आला तर आठवड्याचीही वाट बघू नका. ती कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते, आणि त्या आजारात नजर जाऊ शकते.

मुळात कशाने होतं? चॉकलेट सोडू का?

चॉकलेटला उगाच बदनाम केलंय. झटक्याच्या आदल्या दिवशी गोड खावंसं वाटतं, माणूस चॉकलेट खातो, दुसऱ्या दिवशी डोकं चढतं, आणि दोष चॉकलेटवर. काहींना ते खरंच बाधतं, पण सलग नोंद ठेवल्याशिवाय ते ठरवू नका. यादी काढून एकेक पदार्थ सोडत गेलात तर शेवटी ताटात वरणभात उरेल आणि डोकं दुखतच राहील.

मुंबईत मला दिसणारी कारणं वेगळी आहेत. ७.४२ ची लोकल पकडायची म्हणून नाश्ता बुडवणं. ऑक्टोबरचं ऊन. लेडीज डब्यात गर्दीत शेजारणीने फवारलेला परफ्यूम. पाण्याची बाटली रिकामी, आणि बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून मुद्दाम कमी पिणं. आठवडाभर सहा तास झोप आणि रविवारी अकरापर्यंत लोळणं. होय, जास्त झोपेनेही होतं. गणपतीत मंडपासमोरच्या भिंती थरथरवणारा डीजे आणि वर ते लेझर. पाळीच्या आधीचे दोन दिवस. आणि एक गमतीची गोष्ट: ताण असताना नाही, तो उतरल्यावर. शाळेतल्या शिक्षिका आमच्याकडे परीक्षा संपल्यावर येतात, परीक्षा चालू असताना नाही.

एकेक कारण सुटं असताना निभावतं. उपाशी पोट, ऊन आणि पाळी एका दिवशी आली की घागर भरते. पाळी आपल्या हातात नाही, डबा आहे.

चहाचं विचारलं जातंच. दिवसाला दोन कप, ठरल्या वेळी, चालतील. सहा कपांवरून एकदम शून्यावर आलात तर त्यानेच डोकं धरेल.

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार. उपवास करू का?

श्रद्धेत मी पडत नाही. निर्जळी मात्र करू नका. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या: दही, फळ, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे गर्दी असते, एवढंच सांगते.

झटका आल्यावर गोळी कधी घ्यायची?

लवकर. "अजून थोडं बघते" म्हणत दोन तास काढायचे आणि असह्य झाल्यावर घ्यायची, ही आपली सर्वसाधारण पद्धत. तोवर पोट मंदावलेलं असतं आणि ठणका पक्का बसलेला असतो. दुखणं सौम्य आहे तोवर, डॉक्टरांनी सांगितलेली पूर्ण मात्रा, पाण्याबरोबर. अर्धी तोडून नाही.

हलक्या झटक्याला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन अशा गोळ्या पुरतात. आयबुप्रोफेन-नॅप्रोक्सेन रिकाम्या पोटी नको. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा त्यांनी दमा बळावत असेल तर नकोच. पावसाळ्यात आणखी एक पथ्य: ताप असेल तर डेंग्यू नाही असं कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन टाळा, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापातली डोकेदुखी अर्धशिशी समजून चालूच नका.

जोराच्या झटक्याला ट्रिप्टान गटातली औषधं असतात, सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान वगैरे. ती खास अर्धशिशीसाठीच बनलेली आहेत. ऑरा असेल तर दुखणं सुरू झाल्यावर घ्यायची. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल त्यांना चालत नाहीत, म्हणून चिठ्ठीशिवाय देत नाही. माझ्याशी भांडू नका.

एर्गोटामिनची जुनी गोळी घरात असेल तर तीही विचारून. ट्रिप्टान घेतल्याच्या चोवीस तासांत ती घ्यायची नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असताना तर अजिबात नाही. हातापायांचा रक्तपुरवठा आकसतो.

अंधाऱ्या खोलीत पडून राहा म्हणतात. दहा बाय दहाच्या खोलीत अंधार कुठून आणायचा?

बरोबर आहे. चाळीत सहा माणसं, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या. मी करते ते सांगते: काळी ओढणी चौपदरी घडी करून डोळ्यांवर, तिच्या आत थंड पाण्याने पिळलेला हातरुमाल, कानात कापूस. मानेखाली बर्फाची पिशवी. बर्फ नसेल तर मटाराचं थिजलेलं पाकीट. डोकं करकचून बांधल्याने काहींना बरं वाटतं, बांधा, पण अर्ध्या तासाने सोडा. जमलं तर झोप. झोपेने झटका पुष्कळदा मोडतो. गाडीत असाल तर खिडकीकडची जागा मागून घ्या. मायग्रेन म्हटलं तर कुणी देत नाही, "उलटी होतेय" म्हटलं की लगेच देतात.

हल्ली रोजच डोकं दुखतं आणि रोज गोळी लागते. गोळी बदलून देता का?

इथे मी जरा थांबून बोलते, मागे रांग असली तरी.

आमच्याकडे एक काका येत. आधी महिन्याला एक स्ट्रिप, मग आठवड्याला, मग दर दोन दिवसांनी. सकाळी उठल्याउठल्या डोकं, गोळी, दुपारपर्यंत बरं, संध्याकाळी पुन्हा डोकं, पुन्हा गोळी. त्यांना वाटे आजार वाढला म्हणून गोळ्या वाढल्या. उलटंही असू शकतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धशिशी असलेल्या माणसाने वेदनाशामक फार दिवस घेतलं की तेच डोकेदुखी जागती ठेवतं.

याचे आकडे ठरलेले आहेत, आणि ते गोळ्यांचे नाहीत, दिवसांचे आहेत. ट्रिप्टान, एर्गोटामिन, कोडीन-ट्रॅमाडॉल, किंवा कॅफीन वगैरे घातलेल्या मिश्र गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस. नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनच्या जातीची गोळी १५ किंवा जास्त दिवस. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की संशय घ्यायचा. म्हणून मी आठवड्याला दोन दिवसांच्या वर जाऊ नका असं सांगते. मधल्या दिवसांचं काय, यासाठीच डॉक्टर.

गोळी थांबवल्यावर पहिले एक-दोन आठवडे डोकं जास्तच दुखतं. ते माहीत नसलं की माणूस चौथ्या दिवशी परत काउंटरवर उभा. कोडीन-ट्रॅमाडॉल किंवा झोपेची गोळी असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. काकांना मी गोळी द्यायचं नाकारलं तेव्हा ते रागावून समोरच्या दुकानात गेले. दोन महिन्यांनी न्यूरोलॉजिस्टची, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांची, चिठ्ठी घेऊन आमच्याकडेच आले.

नोंद ठेवा म्हणतात. अॅप घेऊ का?

अॅप असेल तर उत्तम. नसेल तर भिंतीवरचं कॅलेंडर आहेच. दूधवाल्याचे खाडे मांडतो ना, तसं. डोकं दुखलं त्या तारखेला टिंब, गोळी घेतली तर फुली, पाळीचे दिवस गोल. पूर्ण दिवस वाया गेला तर टिंबाखाली रेघ. याहून जास्त लिहायला जाल तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. महिना संपला की पानाचा फोटो काढा. "डॉक्टर, सारखंच दुखतं" यातून डॉक्टरांना काही कळत नाही. "अकरा टिंबं, नऊ फुल्या" यातून सगळं कळतं.

कोणत्या डॉक्टरकडे जायचं? खर्च किती येईल?

आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे. अर्धशिशीचे बहुतेक रुग्ण ते नीट सांभाळू शकतात. जवळ महापालिकेचा "आपला दवाखाना" असेल तर तिथेही रक्तदाब, प्राथमिक तपासणी होते. महिन्याला चार किंवा जास्त दिवस वाया जात असतील, दोन-तीन औषधं करून गुण नसेल, निदानाचीच शंका असेल, तर न्यूरोलॉजिस्ट.

खासगीत न्यूरोलॉजिस्टची फी ऐकून लोक परत फिरतात. फिरू नका. केईएम, शीव, नायर ही महापालिकेची रुग्णालयं आणि भायखळ्याचं सरकारी जेजे, सगळीकडे न्यूरोलॉजी विभाग आहे, आणि केस पेपरचा खर्च तुमच्या येण्याजाण्याच्या रिक्षाहून कमी. मोल द्यावं लागतं ते वेळेचं. सकाळी लवकर रांगेत लागा. न्यूरोच्या ओपीडीचा वार आदल्या दिवशी विचारून ठेवा, बऱ्याचदा आधी मेडिसिनमध्ये दाखवून तिकडे पाठवतात. पाण्याची बाटली आणि डबा न्या. उपाशी चार तास पंख्याखाली उभं राहून तिथेच झटका आलेल्या बाई मी पाहिल्यात.

तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येणार. तेवढ्यात कामी येतील अशा गोष्टी बरोबर हव्यात: कॅलेंडरच्या तीन महिन्यांच्या पानांचे फोटो, आजवर घेतलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स (नावं आठवत नाहीत, "ती पांढरी गोल" म्हणू नका, सगळ्याच पांढऱ्या गोल असतात), दमा-रक्तदाब-मूतखडा असं काही असेल तर ते, आणि मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तोही.

एमआरआय काढायलाच हवा ना?

बहुतेकांना नाही. कहाणी अर्धशिशीची आहे आणि तपासणीत काही सापडलं नाही, तर स्कॅन बहुधा नॉर्मल येतो. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा असतील, नाहीतर दुखण्याची तऱ्हाच बदलली असेल, तर डॉक्टर स्वतःच लिहितील. "एमआरआय नॉर्मल, म्हणजे काही नाहीये" हे मात्र घरच्यांचं आवडतं वाक्य. अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही.

रोज घ्यायची गोळी दिली, ती तर डिप्रेशनची निघाली! डॉक्टर चुकले का?

नाही. अमिट्रिप्टिलिन हे औषध नैराश्यासाठी आलं. कमी मात्रेत ते अर्धशिशी रोखतं. रात्री घ्यायचं, झोप येते, तोंड कोरडं पडतं. प्रोप्रॅनोलॉल ही बीपीची गोळी. दमा असेल तर चालत नाही, आणि एकदम बंद करायची नाही. टोपिरामेट फिटचं औषध. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, कधी शब्द जिभेवर अडतो, मूतखड्याचा इतिहास असेल तर सांगा. फ्लुनारिझिन आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. वजन वाढतं, सुस्ती येते, मन उदास होऊ शकतं. व्हॅल्प्रोएट (हेही फिटचं औषध, अर्धशिशीतही देतात) आणि टोपिरामेट दोन्ही गर्भाला घातक, म्हणून दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने डॉक्टरांशी मोकळेपणी बोलल्याशिवाय सुरू करू नये.

ही औषधं चालू झटका थांबवत नाहीत; पुढचे कमी करतात. मात्रा हळूहळू वाढवतात आणि गुण कळायला दोन-तीन महिने लागतात. झटके निम्म्यावर आले तरी औषध लागू पडलं असं धरतात. इथेच कॅलेंडर पुन्हा कामी येतं, कारण अकराचे सहा झाले हे आठवणीत राहत नाही. आठवतो तो परवाचा झटका.

बोटॉक्स आणि नव्या इंजेक्शनांचं काय?

बोटॉक्स जुनाट अर्धशिशीसाठी: महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले निदान आठ दिवस अर्धशिशीचे, तीन महिन्यांहून अधिक काळ. कपाळ, कानशिलं, मान, खांदे मिळून ३१ ठिकाणी बारीक सुया, दर बारा आठवड्यांनी. दुसरी आहेत सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शनं. त्यातलं पहिलं, एरेनुमॅब, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. चांगली आहेत, महाग आहेत, आणि जुनी औषधं नीट करून पाहिल्यानंतरची आहेत.

गरोदरपणात काय घेऊ?

चांगली बातमी आधी: पुष्कळ जणींचे झटके चौथ्या महिन्यानंतर कमी होतात. घ्यायचंच झालं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना सांगून. आयबुप्रोफेन आणि त्याच्या जातीची औषधं, विशेषतः पाचव्या महिन्यापुढे, नकोत. एर्गोटामिन कधीच नको. दिवस राहण्याचा विचार असेल तर रोजच्या औषधांचं आधीच ठरवून घ्या. कळल्यावर धावपळ नको.

मुलांनाही होतं का?

होतं. त्यांचा झटका थोडक्यात आटोपतो, कपाळभर दुखतं, कधी डोकं न दुखता नुसतं पोट दुखून उलट्या होतात. "शाळा बुडवायची नाटकं" म्हणण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलांना अॅस्पिरिन देऊ नका.

बाम, सुंठेचा लेप, काढा?

बाम लावा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. सुंठेचा लेप माझी आई लावायची. गुण लेपाचा की तिच्या हाताचा, सांगता येणार नाही. आल्याच्या चहाने मळमळ कमी वाटत असेल तर प्या. नाव-लेबल नसलेल्या पुड्या मात्र घेऊ नका, त्यात काय आहे ते मलाही ओळखता येत नाही. वैद्यांचं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

कधी पूर्ण बरं होतं का?

मुळातून जात नाही, आटोक्यात राहतं. वय वाढेल तसं बऱ्याच जणांचं कमी होतं. पाळी जायच्या सुमारास काही वर्षं उसळतं आणि नंतर पुष्कळ जणींचं निवळतं. मी सध्या त्या उसळीत आहे. या महिन्याच्या पानावर पाच टिंबं, तीन फुल्या.

रोजची गोळी संपली आणि डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात. काय करू?

संपायच्या चार दिवस आधी या, संपल्यावर नाही. जुनी चिठ्ठी आणि रिकामी स्ट्रिप दोन्ही आणा. कंपनी बदलून दिली तर आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच आहे ना, ते माझ्यासमोर वाचून घ्या. रविवारी दुपारी दोननंतर दुकान बंद असतं.